माईक नाही, आणि आधी तेरा मिनिटं गप्प

ऑपेराशिवाय पाश्चात्त्य गायिका मोठी होऊच शकत नाही, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. पण पोलंडच्या सोप्रानो (स्त्रीच्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या) स्तेफानिया वोइतोविच (१९२२–२००५) यांचं नाव झालं ते कॉन्सर्टच्या मंचावर. शिक्षण क्राकूवला, १९५४ला प्रागच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस, १९६६ला म्युन्स्टरच्या कॅथेड्रलमध्ये संगीतकार पेंडेरेत्स्कींच्या 'सेंट ल्यूक पॅशन' या धार्मिक गायनरचनेचा पहिला प्रयोग. पण खरी कसोटी पोलिश संगीतकार गुरेत्स्कींची तिसरी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना. तीही पहिल्यांदा बाईंनीच गायली, ४ एप्रिल १९७७ला, फ्रान्समधल्या रॉयाँला.

तिन्ही भाग विलंबित. पहिलाच पंचवीस मिनिटांच्या वर. डबल बास, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांची मोठी तंतुवाद्यं, खर्जात धून सुरू करतात, मग तीच धून दर वेळी आधीच्या पंचमावरून चढत आठ थरांची होते. तेवढा वेळ, म्हणजे तेराएक मिनिटं, गायिका कंडक्टरशेजारी नुसती बसून. गळा थंड पडतो, ओठ सुकतात. ऑर्केस्ट्रा ओसरत एका सुरावर येतो आणि तोच सूर धरून हलकेच गायला लागायचं. लय इतकी संथ की दम पुरला नाही तर ओळीच्या शेवटी सूर उतरतो; जोर लावला तर कंप वाढतो. पुढे तंतुवाद्यं पुन्हा उसळतात. स्वरलिपीत ती ६४ मागितली आहेत! ट्रम्पेट आणि तालवाद्यं नाहीत, हीच काय ती दया.

आणि हे सगळं माईकशिवाय. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात माईकचं नाव काढलं की नाकं मुरडतात. पण आपल्या सवाईचा मंडप मैदानात असतो, श्रोते हजारोंनी. तिथे माईक लागणारच. आणि बालगंधर्वांच्या ऐन उमेदीत नाटकगृहात कुठे होता माईक? तरी एक कबूल करायला हवं: आपल्या गायकाला आलापीत गळा तापवायला मिळतो, बाईंना ती सवलत नव्हती.

दुसऱ्या भागाचे शब्द पोलंडमधल्या झाकोपानेच्या गेस्टापो (नाझी गुप्त पोलीस) तुरुंगात एका अठरा वर्षांच्या मुलीने १९४४ला भिंतीवर खरडलेले: आई, रडू नकोस. इथे गळ्यात हुंदका आणला की गाणं कोसळतं. बाई सरळ गातात.

याच सिंफनीच्या, एका अमेरिकन गायिकेच्या १९९२च्या रेकॉर्डच्या दहा लाखांवर प्रती खपल्या, म्हणून जग तीच ऐकतं. तुम्ही बाईंचं, कंडक्टर येझी कातलेविच यांच्यासोबतचं १९७८चं ध्वनिमुद्रण शोधा. हेडफोन लावा, कारण सुरुवातीचे बास ऐकूच येत नाहीत. म्हणून स्पीकरचा आवाज वाढवलात तर दहाव्या मिनिटाला शेजारी दार ठोठावतील.