प्रचाराचा प्रत्येक मेल स्पॅम नसतो

खान्देशातल्या कृषी प्रदर्शनांत माहितीपत्रक हाती देण्यापूर्वी बरेचदा नोंदवहीत नाव, मोबाइल आणि ईमेल लिहून घेतात. पुढे केळीची टिश्यूकल्चर रोपे आणि ठिबकच्या नळ्या यांच्या मेलांमागोमाग वैयक्तिक कर्जाचे मेलही येऊ लागले, की आपण सगळ्यांनाच स्पॅम म्हणून मोकळे होतो. माझ्या मते हे अन्यायाचे आहे. रोपांची जाहिरात कितीही कंटाळवाणी असली तरी ती आपणच मागितलेली असू शकते; कर्जवाल्याला मात्र आपण पत्ता दिलेलाच नसतो.

सचोटीचा व्यावसायिक पत्ता मिळाल्यावर आधी पुष्टीचा मेल पाठवतो आणि त्यातील दुवा उघडल्याखेरीज कोणाचे नाव यादीत घेत नाही, त्यामुळे दुसऱ्याने खोडसाळपणे आपला पत्ता लिहिला तरी त्रास होत नाही. अर्जात आधीच टिक करून ठेवलेली चौकट मी संमती मानत नाही. आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही स्पष्ट कृतीतून दिलेली संमती मागतो आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे म्हणतो. अमेरिकेच्या प्रचारी मेलविषयीच्या 2003 च्या कायद्यात मात्र पूर्वसंमतीची अट नाही. टपालाचा खरा पत्ता द्यावा आणि नकार आल्यास दहा कामकाजी दिवसांत मेल थांबवावेत, अशा अटींवर तो भागवतो.

पत्ता कोणाकडून फुटला हे शोधायचे असेल, तर जीमेलमध्ये एक सोय आहे: @ चिन्हापूर्वी अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच मिळतो. प्रदर्शनात ‘केळी’ हा शब्द रोमन लिपीत जोडून दिलेल्या पत्त्यावर कर्जाचा मेल आला, तर यादी कुठून गेली हे कळते. (काही संकेतस्थळे असा पत्ता स्वीकारत नाहीत.) जीमेलमध्ये मेलचा मूळ तपशील दाखवणाऱ्या ‘शो ओरिजिनल’मध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या चाचण्यांपुढे ‘पास’ दिसले, तर त्या डोमेनचे (पत्त्यातील @ नंतरच्या भागाचे) नाव कोणी परभारे वापरलेले नाही एवढेच समजावे, कारण स्पॅम पाठवणाराही स्वतःचे डोमेन घेऊन या चाचण्या पार करतो.

ओळखीच्या दुकानाचे मेल नकोसे झाले तर ‘अनसबस्क्राइब’ करावे, कारण त्यांना स्पॅम ठरवल्याने त्या दुकानाचे इतरांना हवे असलेले मेलही अडू शकतात. अनोळखी मेलमधील तोच दुवा मात्र दाबू नये, कारण त्यातून पत्ता वापरात असल्याची खातरी पाठवणाऱ्याला मिळू शकते. असा मेल थेट ‘रिपोर्ट स्पॅम’ करावा.