मी वर, मी खाली

आज दुपारी डोळा लागता लागता वाटलं, मी छताजवळ आहे आणि खाली पलंगावर कुणीतरी पडलंय. एक पाय चादरीबाहेर, चष्मा छातीवर. अरे, ही तर मीच! हात हलवू म्हटलं तर हलेना. मग दचकून जाग.

आत्मा बाहेर पडला म्हणणारे म्हणोत बापडे, मला मेंदूची करामत जास्त अचाट वाटते. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूत, उजव्या अँग्युलर गायरसला (कानाच्या वर-मागे असलेला मेंदूच्या पृष्ठभागाचा एक भाग) विजेचं सौम्य उद्दीपन दिलं. ती म्हणाली, मी वरून स्वतःला बघतेय. तेही फक्त पाय आणि धडाचा खालचा भाग! (अर्धवटच का, हे मला सगळ्यात भारी वाटतं.)

डोळे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि स्नायू-सांधे यांच्या खबरी मेंदूच्या याच परिसरात जुळवल्या जातात. त्यांचा मेळ बसला नाही, की 'मी नेमकी कुठे आहे' याचा हिशोब गडबडतो. झोपेच्या उंबरठ्यावर, अर्धशिशीत, केटामाइन या भुलीच्या औषधाच्या अमलाखालीही असं होऊ शकतं. २००७ साली तर कॅमेरा आणि डोळ्यांवरचे डिस्प्ले वापरून धडधाकट माणसांनाही असाच काहीसा चकवा दिला गेला.

मला बोलावलं असतं तर पहिल्या रांगेत उभी राहिले असते!