नौकेवरच्या स्वयंपाकघरातला कुकर

गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर दादा-वहिनीकडे राहिले. त्यांचे घर म्हणजे 38 फुटी शिडाची नौका, आणि ती तेव्हा मलेशियातील लंकावी बेटाजवळ नांगर टाकून उभी होती. मी निघण्यापूर्वी वहिनीने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फोन करून यादी सांगितली. तीत पहिलाच जिन्नस होता तीन लिटरचा प्रेशर कुकर. ज्यांच्याकडे सौर पॅनेल आहेत, 12 व्होल्टवर चालणारा फ्रिज आहे, त्यांना कुकरचे एवढे अप्रूप का, हे मला तिथे जाईपर्यंत उमगले नव्हते.

वारा शिडात भरला की नौका एका बाजूला कलते आणि तासन्तास तशीच कललेली राहते. म्हणून शेगडी दोन्ही बाजूंना खिळींवर झुलती टांगलेली असते, तिच्या कडेने कठडा असतो आणि पातेले घट्ट धरून ठेवणारे चिमटेही असतात. तरीही एखादी वेडीवाकडी लाट येतेच, आणि डॉक्टरापासून दोन दिवस दूर असताना उकळते पाणी अंगावर सांडणे हे फार मोठे संकट आहे. कुकरचे झाकण अडकलेले असल्यामुळे तो घसरला तरी वरण आतच राहते. वहिनी दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करते आणि कुकर जाड गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवते. अर्ध्या तासाने डाळ मऊसूत शिजलेली असते आणि गॅसही वाचतो.

गॅसच्या बाबतीत मला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. बडोद्यात आमच्याकडे गॅस नळाने येतो. तो नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून गळतीची सूचना देणारे यंत्र छताजवळ बसवतात. सिलिंडरमधला गॅस मात्र हवेपेक्षा जड असतो, आणि नौकेला खालून दार नसल्यामुळे गळलेला गॅस फळ्यांखालच्या तळात साचून राहतो, जिथे एक ठिणगीही पुरते. त्यामुळे तिथे हेच यंत्र अगदी खाली बसवलेले असते आणि सिलिंडर बाहेरच्या बंद कप्प्यात असतो, ज्याच्या तळाचे भोक थेट समुद्राच्या बाजूला उघडते. स्वयंपाक आटोपला की सिलिंडर बंद करायचा, हा नियम. मी एकदा विसरले, तेव्हा दादा भरल्या ताटावरून उठून बंद करून आला. मला एका शब्दाने बोलला नाही.

पाण्यासाठी पायाने दाबायचा पंप मला सर्वांत आवडला. जेवढे दाबाल तेवढेच पाणी येते, दोन्ही हात मोकळे राहतात आणि वीज लागत नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक हात फिरवायचा. अंघोळीला खंडेराव मार्केटजवळून मी नेलेला, झाडांवर फवारणी करण्याचा पाच लिटरचा नवा कोरा पंप कामी आला. त्याचा दांडा दहा-बारा वेळा दाबला की बारीक, जोरदार धार मिळते आणि दोन लिटरांत केसांसकट अंघोळ होते.

काच मात्र मी पुन्हा नेणार नाही. आईने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी पहिल्याच आठवड्यात फडताळातून उडाली, आणि काचा, तेल, मोहरी सगळे फळ्यांच्या फटींतून तळात गेले. वहिनीने फळ्या उचलल्या आणि आम्ही दोघी दुपारभर पोटावर पालथ्या पडून ते पुसत होतो. खारट, डिझेलच्या वासाच्या त्या अंधारात हिंगाचा घरगुती वास दरवळत होता. आता लोणच्यासाठी मी मंगळ बाजारातून कडी लागणारे, रबराच्या चकतीचे स्टीलचे डबे घेतले आहेत. एकात एक बसणारे चार. वहिनी दिवाळीला बडोद्याला येईल तेव्हा ते तिच्यासोबत जातील, आणि कुकरच्या दोन जादा रिंगाही.