कोळ्याचं तोंड बघा

चैतातली दुपार, चुन्यानं सारवलेली भिंत, तिच्यावर सेंटिमीटरभर लांबीचा करडा कोळी माशीवर टपलेला. बोट जवळ न्या. पळणार नाही, वळून तुमच्याकडेच बघेल. जाळ्यातली कातीण असं करत नाही. हे साल्टिसिडी, उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं कुळ. कोळ्यांत सगळ्यात मोठं, सहा हजारांवर जातींचं.

पण ओळखायला तोंड पुरतं. डोकं चौकोनी, समोरून सपाट, पुढच्या रांगेत चार डोळे आणि मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे. उरलेले चार डोक्याच्या कडेनं मागे. लांडगा कोळ्याचे मोठे डोळे दुसऱ्या रांगेत असतात, पहिल्या रांगेत चार बारके. पऱ्हाटीवर सापडणाऱ्या लिंक्स कोळ्याच्या पायांवर लांब काटे उभे असतात आणि पोट मागे निमुळतं होतं. लोक मात्र नाव विचारायला फोटो काढतात वरून, पाठीचा! पाठीवरून काय कळणार? फोन भिंतीला टेकवा, समोरून एक काढा, मग वरून, बाजूनं.

उडीत स्नायूंपेक्षा दाबाचं काम जास्त. अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून मागचे पाय झटक्यात सरळ होतात. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळतात ते दाब गेल्यामुळेच. उडीआधी तो धागा भिंतीला चिकटवतो, नेम चुकला तरी लटकतो.

आंब्यावर पानं शिवणाऱ्या लाल मुंग्या असतील तर त्यांच्यातच मुंगीचं सोंग घेतलेला एक सापडतो. पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवतो, म्हणून पाय मोजावेत. आठ भरले, की सोंग उघडं.

पूर्वी जबड्याच्या मागच्या कडेवरचे दात बघून गट पाडत. डीएनए आल्यावर दिसलं, की तसे दात वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आलेत. २०१५ साली कोळीतज्ज्ञ वेन मॅडिसन यांनी सात उपकुळं मांडली. तुमच्या घरातले जवळजवळ सगळे त्यातल्या एकाच, साल्टिसिनीत येतात. तेव्हा भिंतीपुढे उभं राहून उपकुळाचा काही उपयोग नाही.

भिंतीवर बहुधा दोघं भेटतात. चपट्या अंगाचा, करडा, तो मेनेमेरस. काळ्या अंगावर मधोमध पांढरा पट्टा आणि दोन्ही कडांना दोन, तो प्लेक्सिपसचा नर. त्याची मादी मातकट, बरीच फिकी. ही नावं गटांची. त्यातली जात पक्की करायची तर भिंग लागतं: नराच्या तोंडाजवळच्या लहान पायांची फुगलेली टोकं, मादीच्या पोटाखालची कडक चकती. दोन्ही शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण तयार होतात.

टोकं फुगलेली नाहीत, चकतीही नाही, म्हणजे पिल्लू. तिथे 'साल्टिसिडी, पिल्लू' एवढंच लिहावं. नाव विचारणाऱ्याला राग येतो. येऊ द्या.