बाप्पा गेले, जनरेटर राहिला

आगमनाच्या संध्याकाळी हातगाडी सजली होती, ढोलवाले आले होते आणि आमच्या सोसायटीचा पेट्रोल जनरेटर ढिम्म बसला होता. दोरी ओढून ओढून तीन पोरांचे हात भरून आले. शेवटी बाप्पा मोबाइलच्या टॉर्चमध्ये आले. जनरेटर सांभाळायचं काम माझ्याकडे, त्यामुळे बोलणीही मलाच बसली. माझं म्हणणं एकच होतं, मागच्या विसर्जनानंतर मी टाकी पार रिकामी करून ठेवली होती!

दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून तो वागळे इस्टेटला नेला. मेस्त्रींनी कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, खालची वाटी उघडून माझ्यासमोर धरली. तळाला काळपट चिकट थर, कडेला पांढरट बुरशीसारखं काहीतरी आणि जुन्या वॉर्निशसारखा वास. "टाकी रिकामी केलीत ना साहेब? आणि ही कोण करणार?" वाटीत राहिलेलं दोन-चार चमचे पेट्रोल महिनोन्‌महिने उडत गेलं आणि मागे राहिलेल्या राळेनं जेटचं, म्हणजे पेट्रोल पुढे सोडणाऱ्या नळीचं, सुईएवढं भोक बुजवून टाकलं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा? इंजिन चालून खराब झालं नव्हतं, नुसतं बसून झालं होतं.

त्या वर्षी उपवनच्या कृत्रिम तलावावर विसर्जन करून आलो आणि दुसऱ्याच सकाळी पाना घेऊन बसलो. आधी गॅलरीत बसणार होतो. बायको म्हणाली, "गीझर गॅसचा आहे, लक्षात आहे ना?" नव्हतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते, तिला एक ठिणगी पुरते. गुपचूप खाली गेलो आणि पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत पथारी मांडली. बंद जागेत चालवायचा तर प्रश्नच नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

पाच मिनिटं इंजिन चालवून बंद केलं आणि ऑइल कोमट असतानाच खालचा बोल्ट काढला. कोमट ऑइल गाळ घेऊन बाहेर पडतं, थंड झालं की गाळ आतच बसतो. नवं १०डब्ल्यू-३० ऑइल भरलं. मग पुन्हा चालू केलं, पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीची तोटी, बंद केला आणि वाट बघत बसलो. एक-दोन मिनिटांत आवाज अडखळला, थोडा चढला आणि इंजिन आपोआप बंद पडलं. पूर्ण गार झाल्यावर टाकीतलं पेट्रोल हातपंपानं कॅनमध्ये काढलं. ताजंच होतं, स्कूटरला लागलं. मग वाटीखालचा छोटा स्क्रू सैल केला. एवढं सुकवूनही चमचाभर निघालंच! सगळी चूक त्या चमचाभरात होती.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला आणि सावलीत वाळवून दोन थेंब ऑइल लावून परत बसवला. स्पार्क प्लगच्या वेळी मात्र गंमत झाली. प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल घातलं आणि ते सिलिंडरभर पसरावं म्हणून दोरी ओढली. भोकावर फडकं धरायचं मेस्त्रींनी सांगितलं होतं, मी विसरलो. ऑइलची पिचकारी थेट शर्टावर, तोही विसर्जनाचा पांढरा! प्लग घासून परत लावला आणि दोरी हळूहळू ओढत नेली. एका जागी ती एकदम जड होते, तिथेच थांबायचं. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत शिरत नाही.

ठेवायच्या जागेवरून सेक्रेटरींशी वाजलं. त्यांना तो पूर्वीसारखाच जिन्याखाली, मीटरच्या कपाटाशेजारी हवा होता. टाकी रिकामी असली तरी वास राहतो, तिथे मी ठेवू दिला नाही. शेवटी बागेच्या सामानाच्या खोलीत दोन फळ्यांवर ठेवला. वर प्लॅस्टिक नाही, आतला दमट घाम आतच राहतो. जुनी सुती चादर टाकली. सायलेन्सरच्या तोंडात लाल फडकं कोंबलं, उंदरांसाठी, आणि लाल अशासाठी की काढायला विसरू नये. चिठ्ठीही चिकटवली : टाकी कोरडी, ऑइल नवं, फडकं काढा.

यंदा आगमनाच्या आठ दिवस आधी फडकं काढलं, ऑइलची पातळी बघितली, ताजं पेट्रोल भरलं, कॉक उघडला, चोक ओढला. तिसऱ्या झटक्याला सुरू झाला. सिलिंडरमधलं ते चमचाभर ऑइल जळून निळा धूर झाला, तो सरळ पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत गेला, आणि बोलणी पुन्हा मलाच बसली.