घोड्याचा गुडघा

टायटल पान नसलेलं जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की लोक आधी त्याचं वय विचारतात, दुरुस्तीचं नंतर. साताऱ्याहून ते काका आले तेव्हाही तेच झालं. बरोबर कॉलेजात शिकणारा पुतण्या होता. चादरीत बांधलेलं बोचकं दोघांनी धरून टेबलावर ठेवलं. आत सॅम्युएल जॉन्सन या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखकाच्या इंग्रजी शब्दकोशाचा दुसरा खंड, एल ते झेड. कण्यावर जॉन्सनचं नाव कसंबसं वाचता येत होतं, साल कुठेच नाही. पुढची पानं गायब, शिलाई सुटलेली, चामड्याची लाल भुकटी चादरभर पसरलेली. काकांचे आजोबा वकील होते, त्यांनी मुंबईत एका जुन्या पुस्तकवाल्याकडून तो घेतला होता.

पुतण्याच्या मोबाइलवर परदेशातल्या लिलावांचे आकडे तयार होते. "मॅडम, पहिली आवृत्ती असेल ना? १७५५ची?"

"बघू दे आधी," मी म्हटलं.

एक सुटं पान उजेडापुढे धरलं. कागदातल्या साच्याच्या तारांच्या रेघा उभ्या होत्या, म्हणजे ताव एकदाच दुमडलेला, पुस्तक मोठ्या आकाराचं. पानांना आकडे नव्हते, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, जुळवण्यासाठी तळाला अक्षरांच्या खुणा तेवढ्या होत्या. आणि शब्दाच्या मधला 'एस' जुन्या वळणाचा, लांब, थेट 'एफ'सारखा दिसणारा. पुतण्या मोठ्यानं वाचायला लागला तर टॅरँट्युला म्हणजे एक 'इन्फेक्ट' झाला. तो 'इन्सेक्ट' आहे हे सांगितल्यावर व्याख्या पूर्ण झाली: 'एक कीटक, ज्याच्या दंशावर संगीत हाच एक उतारा.' काका म्हणाले, "आमच्याकडे विंचवाला मांत्रिक लागायचा, हे बरं आहे."

पण या खुणांवरून फार तर अठरावं शतक ठरतं. जॉन्सनच्या हयातीतच या कोशाच्या मोठ्या आकाराच्या आवृत्त्या एकामागून एक निघाल्या. दुसरी तर पहिल्या वर्षातच सुरू झाली, सहा-सहा पेन्सच्या १६५ साप्ताहिक अंकांतून. मग १७६५ची तिसरी. चौथी १७७३ची, ती जॉन्सननं स्वतः बसून तपासली. टायटल पान नाही म्हटल्यावर पुरावा मजकुरातच शोधायला हवा, आणि तो 'पी'मध्ये आहे हे मला ठाऊक होतं. नशिबानं 'पी' आमच्याच खंडात होता.

पास्टर्न म्हणजे घोड्याच्या पायाचा खुराच्या लगेच वरचा भाग. जॉन्सननं १७५५ साली लिहिलं होतं, 'घोड्याचा गुडघा'. एका बाईनं त्याला तोंडावर विचारलं, असं कसं लिहिलंत? त्यानं सरळ उत्तर दिलं: "अज्ञान, बाईसाहेब, निव्वळ अज्ञान." पुढे चौथ्या आवृत्तीत त्यानं ते दुरुस्त केलं. म्हणजे या पानावर गुडघा निघाला तर पुस्तक १७७३च्या आधीचं, नाही निघाला तर १७७३चं किंवा नंतरचं.

हे सांगितल्यावर दोघेही टेबलावर वाकले. 'पी'च्या फर्म्याला कसर लागलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. हाडाच्या पट्टीनं एकेक पान सोडवत गेले. घाई केली असती तर नेमकी हवी ती ओळ फाटली असती. पुतण्या पुटपुटत होता, "गुडघा, गुडघा." शेवटी पान सुटलं. भोक दोन शब्द सोडून पलीकडे होतं, व्याख्या शाबूत होती. गुडघा नव्हता. खूर आणि त्याच्या वरच्या सांध्यामधला भाग, असं नीट लिहिलेलं होतं.

खात्रीसाठी चौथ्या आवृत्तीची स्कॅन केलेली प्रत संगणकावर उघडली आणि तेच पान शेजारी ठेवलं. ओळी जिथे तुटायला हव्यात तिथेच तुटत होत्या. पुतण्यानं मोबाइल खिशात घातला.

काका मात्र खुर्ची ओढून वाचायलाच बसले, आणि माझंही पुढचं काम तसंच राहिलं. त्यांनी हाका मारायच्या, मी उठून बघायचं. लंच म्हणजे 'एका मुठीत मावेल एवढं अन्न'. वर्म या क्रियापदाखाली, कुत्र्याच्या जिभेखालचं काहीतरी काढून टाकणं, काय ते कुणालाच माहीत नाही, म्हणजे म्हणे तो पिसाळत नाही, का ते कुणालाच माहीत नाही. ट्रॉलमिडेम्स या शब्दापुढे तर, या शब्दाचा अर्थ मला माहीत नाही, एवढंच. सरकारी कोशात असं लिहिलं तर चौकशी लागेल. नेटवर्कची व्याख्या इतकी अवघड की ती समजायला तिच्यातले दोन शब्द पुन्हा कोशात पाहावे लागतात, आणि त्यातला एक पहिल्या खंडात, जो आमच्याकडे नव्हताच.

ओट्स सगळ्यांना माहीत असतं: इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं ज्यावर जगतात ते धान्य. हे उतरवून घेणाऱ्या सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉटिश होते. त्यांनी मान खाली घालून नक्कल केली असेल की मनात शिव्या घातल्या असतील, याचा मी नेहमी विचार करते.

काकांना पकडलं ते पेन्शननं. ते स्वतः जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. जॉन्सन म्हणतो, मोबदल्यात काहीही न देता मिळणारा भत्ता. इंग्लंडात त्याचा सर्वसाधारण अर्थ, देशाशी द्रोह केल्याबद्दल सरकारच्या भाडोत्री माणसाला मिळणारा पगार. काका मोठ्यानं हसले. मग मी त्यांना सांगितलं की १७६२ साली राजानं या गृहस्थाला वर्षाला ३०० पौंडांची पेन्शन दिली आणि त्यानं ती घेतली.

"आणि हे वाक्य?"

"तुमच्यासमोर आहे. ही आवृत्ती त्यानंतर ११ वर्षांनी त्यानंच तपासली. गुडघा काढला, हे ठेवलं."

काका थोडा वेळ त्या पानाकडे बघत राहिले. "खमक्या होता," म्हणाले. मला वाटतं, पहिल्या आवृत्तीपेक्षा हीच प्रत जास्त बोलकी आहे. १७५५च्या प्रतीत नुसता एक गरीब लेखक श्रीमंतांवर चिडलेला दिसतो. इथे तो पेन्शन खात बसलाय, हातात लेखणी आहे, पान समोर आहे, आणि तो त्या ओळीला हात लावत नाही. लिलाववाल्यांना याची किंमत कमी वाटते, वाटो.

पुतण्याचा जीव अजून टायटल पानात होता. "मॅडम, १७५५चं पान नेटवर आहे. जुन्या कागदावर प्रिंट काढून लावलं तर?" मी नाही म्हटलं. गेलेल्या पानाच्या जागी कोरा कागद लावीन आणि 'चौथी आवृत्ती, १७७३, टायटल पान गहाळ' असं पेन्सिलीनं लिहीन. बाकी काम नेहमीचं: फर्मे सोडवून जुजबंदी शिलाई (फर्म्याच्या घडीतून दोरा घालून), भोकांना जपानी कागद आणि गव्हाची खळ, कण्याला नवं चामडं, जुनी चिठ्ठी त्यावर परत.

"आणि पहिला खंड कुठे आहे?" पावती लिहिताना मी विचारलं.

काकांनी चष्मा पुसायला घेतला. "वाटणीत गेला. आमच्या वडिलांना एक, चुलत्यांना एक. त्यांच्या मुलाकडे असेल, कऱ्हाडला."

"मग विचारा की."

"आमचं बोलणं नाही. विहिरीवरून."

पुतण्या पुन्हा मोबाइल काढून नंबर शोधायला लागला होता. "तुमचं नाही, माझं आहे," तो म्हणाला.