तुम्ही विचारलंत म्हणून : कुकर असताना मडकं कशाला?

वालाच्या शेंगा कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत शिजतात. मग दर थंडीत पोपटी लावायला शेतावर जायचं, शेंगा आणि पाला भरलेलं मडकं आगीत उलटं घालायचं, धुरात डोळे चोळायचे आणि वीस माणसांना फोन करून जमवायचं, हा खटाटोप कशासाठी? जानेवारी आला की हे विचारलं जातं. पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, मुंबईत नोकरीला गेलेली गावचीच मुलं विचारतात, आणि हल्ली अलिबाग-पेण भागात राहणारी माणसंही विचारायला लागली आहेत. आजवर मी ‘एकदा येऊन खा, मग कळेल’ एवढं सांगून वेळ मारून नेली. ते काही उत्तर नव्हे. यंदा नीट सांगायचं ठरवलं आहे.

आधी कुकरचं बघू. कुकरमध्ये पाणी लागतं. शेंग पाण्यात बुडाली की तिची चव आणि मीठ पाण्यात उतरतं, साल लिबलिबीत होते आणि शेवटी तो चवदार अर्क आपण मोरीत ओततो. पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगेच्या अंगचा ओलावा आणि पाल्याचा ओलावा, एवढ्याच वाफेवर सगळं शिजतं. मडकं उलटं घालण्याचं कारणही हेच आहे. वाफ वर चढते. मडकं सुलटं असतं तर ती तोंडातून निघून गेली असती. उलट्या मडक्यात ती बुडाशी, म्हणजे आता वर आलेल्या घुमटात, कोंडून राहते आणि पुन्हा शेंगांवर उतरते. जास्तीचं पाणी सुटलंच तर ते खाली तोंडातल्या पाल्यातून जमिनीत मुरतं. म्हणून शेंग शिजते, पण भिजत नाही. काहीजण तेलाचा पत्र्याचा डबा वापरतात. पत्रा चटकन तापतो, त्याला टेकलेल्या शेंगा करपतात आणि मधल्या हिरव्याच राहतात. मातीची भिंत जाड असते, ती उष्णता सावकाश आत सोडते.

आता पाला. भात कापून झालं की बांधावर आणि पडीक जागी भांबुर्डा नावाचं रानरोप उगवतं, पोपटीत त्याचाच पाला घालतात. पान मऊ, लवदार, कडेला दाते असलेलं, हाताला किंचित चिकट. ओळखण्याची खूण एकच : पान चुरगळून नाकाशी न्यायचं. कापरासारखा उग्र वास आला पाहिजे. तो वास आला नाही तर कितीही सारखं दिसलं तरी घेऊ नका. रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरचाही घेऊ नका, कारण पाला धुतला तरी फवारा जात नाही. एका मडक्याला दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा पाला लागतो. लोक नेहमी कमी आणतात आणि मग तोंडाशी उणा पडतो.

‘भांबुर्डा नसेल तर पोपटी लावूच नका’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. आता तसं ठामपणे सांगवत नाही. केळीची पानं आणि मूठभर ओव्याची पानं भरून लावलेली पोपटी खाल्ली आहे, ती वाईट नव्हती. शेंग शिजली होती, मीठ लागलं होतं. तो वास मात्र नव्हता, आणि तो वास हीच अर्धी पोपटी आहे. पण उरलेल्या अर्ध्यासाठी माणसं एकत्र जमत असतील तर त्यांना अडवणारा मी कोण? तरीही तिला पोपटी म्हणायला जीभ वळत नाही. गुजरातेत वलसाडकडे उलट्या मडक्यातच उंबाडियू करतात, त्यात कंद जास्त. त्यांनी आपल्या प्रकाराला स्वतःचं नाव ठेवलं आहे. आपणही तसंच करावं, असं कधीकधी वाटतं.

प्रमाण दहा-बारा लिटरच्या मडक्याचं देतो. दोन किलो वालाच्या शेंगा, दाणा भरलेल्या पण साल अजून हिरवी असलेल्या. निबर शेंग कितीही वेळ ठेवली तरी चिवटच राहते. त्याच दिवशी तोडलेल्या मिळाल्या तर उत्तम. शेंगांची टोकं मोडायची नाहीत, मोडली की आतला रस वाहून जातो. अर्धा किलो छोटे बटाटे, दोन-तीन रताळी, आठ-दहा अंडी. अलिबागचा पांढरा कांदा नवीन आला असेल तर सालासकट पाच-सहा. ओवा तीन चमचे, जाडं मीठ एक मूठ. बारीक मीठ लगेच विरघळून खाली उतरतं आणि वरच्या शेंगा अळणी राहतात, जाडं मीठ शेंगेला धरून राहतं. हे आठ-दहा माणसांचं झालं. वीस माणसं असतील तर दोन मडकी लावा. मोठं मडकं लावू नका. का, ते पुढे येईल.

मडकं पाण्याचं जुनं असेल तर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. भिंतीत मुरलेलं पाणी आगीत वाफ होऊन फुगतं आणि मडकं तडकतं. बोटाच्या पेराने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलं तर धड आहे, भद्द आवाज आला तर चीर आहे. भरताना बुडाशी आणि कडेने पाल्याचा जाड थर द्या, कारण शेंग भिंतीला थेट टेकली की काळी पडते. मग शेंगांचा थर, मीठ-ओवा, बटाटे, पुन्हा शेंगा, मध्ये पाला. अंडी नेहमी मधोमध, पाल्यात गुंडाळून ठेवायची, भिंतीजवळ ठेवली की फुटतात. शेवटी तोंडात पाला कोंबायचा. नुसता ठेवायचा नाही, मुठीने ठोकून ठोकून भरायचा. उलटं केल्यावर आतलं काही हललं नाही म्हणजे बरोबर भरलं.

मग कोरड्या जमिनीवर मडकं उलटं ठेवून भोवती सुक्या झावळ्या, काटक्या, गोवऱ्या आणि पेंढा रचतात. आग मडक्याच्या डोक्यावरही हवी आणि चारी बाजूंनी सारखी हवी. साधारण अर्धा ते पाऊण तास. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र आवाज येऊन थेंब क्षणात उडाला तर झालं.

या पाणी शिंपडण्यावरच तीन वर्षांपूर्वीची पोपटी बिघडली, आणि तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होणार नाही.

बावीस माणसं होती. दोन मडकी लावण्याऐवजी एकच वीस लिटरचं लावलं, लाकूड वाचेल आणि सगळं एकदम निघेल म्हणून. चिकन दोन किलो होतं. आलं-लसूण-मिरचीचं वाटण लावून केळीच्या पानात ते एकाच मोठ्या पोटलीत बांधलं आणि मधोमध ठेवलं. हे सगळे निर्णय माझे होते. आग पेटली, उत्तरेचा वारा सुटला आणि ज्वाळा एका अंगाला झुकल्या. माणसं शेकत गप्पा मारत होती ती अर्थातच धूर येत नव्हता त्या बाजूला. दुसऱ्या बाजूच्या गोवऱ्या कधी विझल्या, ते कोणी पाहिलं नाही. प्रत्येकाला वाटलं, तिकडे दुसरा कोणीतरी आहे.

पस्तीस मिनिटांनी पाणी शिंपडलं, तेही पेटलेल्या बाजूलाच. चर्र वाजलं. मडकं काढलं, ओल्या गोणपाटाने धरून कलतं केलं आणि केळीच्या पानांवर ओतलं. पहिला वाफेचा लोट आला तेव्हा सगळे ‘वा’ म्हणाले. मग दिसलं. एका बाजूच्या शेंगा कोळसा, दुसऱ्या बाजूच्या कच्च्या. पोटली ओतताना सुटली होती, चिकन हाडाशी गुलाबी होतं आणि त्याचा कच्चा रस खालच्या सगळ्या शेंगांवर सांडला होता.

गावातल्या एक आजी मोठ्या आजारपणातून उठून पहिल्यांदाच शेतावर आल्या होत्या. त्यांनी दोन शेंगा उचलून सोलायला घेतल्या होत्या. त्या त्यांच्या हातातून काढून घ्याव्या लागल्या. कच्च्या चिकनचं पाणी लागलेलं त्यांच्या पोटात जाऊ देणं शक्यच नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. हात पुसले आणि मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

मग पुन्हा मडकं भरायचा प्रयत्न झाला. तो होत नसतो, हे त्या दिवशी कळलं. आत कोंडलेली वाफ एकदा गेली की गेली. पाला मऊ पडून निम्म्यावर येतो, तोंड घट्ट बसत नाही, आणि दुसऱ्यांदा आग दिली की शिजण्याऐवजी सगळं सुकतं. वीस मिनिटांनी चिकन खाण्याजोगं झालं, पण दोरीसारखं. रस लागलेल्या शेंगा टाकून द्याव्या लागल्या. रात्री दहाला घरोघरी पिठलं-भात झाला.

त्यानंतर बरेच दिवस मी सगळा दोष चिकनवर ढकलला. मूळ पोपटी शेंगांची, त्यात कोंबडी घुसडली की असंच होणार, असं सांगत फिरलो. ते खरं नव्हतं. चिकनच्या लहान पोटल्या केल्या असत्या, एकेकीत चार-पाच तुकडे, आणि त्या मध्यभागी न घालता भिंतीच्या आत बोटभर पाल्याआड मांडल्या असत्या तर झालं असतं. मडक्याचा मध्य सगळ्यात उशिरा तापतो. मडकं दुप्पट मोठं केलं म्हणजे दुप्पट वेळ, असा हिशेब तिथे चालत नाही. मधल्या वस्तूपर्यंत आच पोचेस्तोवर कडेची वस्तू जळते. माझ्या एका मित्राचं म्हणणं, दोष वाऱ्याचा. आडोशाला पत्रा उभा केला असता तर एवढं मडकंही निभलं असतं. यावर आमचं अजून जुळलेलं नाही. आता मात्र चिकन असेल तर स्वयंपाकघरातला थर्मामीटर नेतो आणि जाड तुकड्यात 74 अंश दिसल्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही. काहींना ते खटकतं. खटकू दे.

आता तुमचा प्रश्न. मडक्याला चार बाजू असतात आणि वारा एका बाजूने येतो. एकटा माणूस चारी बाजू सांभाळू शकत नाही. एकाने पाला आणायचा, एकाने मडकं भरायचं, दोघांनी आगीच्या दोन अंगांना राहायचं, एकाने पाण्याची बादली घेऊन सुक्या गवतावर उडणाऱ्या ठिणग्यांवर लक्ष ठेवायचं. त्या रात्री बावीस माणसं होती आणि धुराच्या बाजूला एकही नव्हतं. तेव्हापासून आग पेटवण्याआधी नावं ठरतात : या बाजूला अमुक, त्या बाजूला तमुक, दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, म्हणजे धूर सगळ्यांच्या वाट्याला येतो. पाणी चारी बाजूंना शिंपडायचं. आता शेजारच्या दोन घरांचं वर्षभर बोलणं नसलं तरी गोवऱ्या सरकवताना ते बोलतात, कारण बोलावंच लागतं.

घाटावर हुरड्याला हेच लागू पडतं. आगटीजवळ एकजण गुळभेंडी ज्वारीची कणसं भाजतो, दुसरा गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढतो, बाकीचे खातात. गार झालं की दाणा सुटत नाही. पाकिटातला हुरडा तव्यावर परतून खाणाऱ्यांवर माझा राग नाही, पण तो चोळणारा हात तिथे नसतो.

आता कबुली द्यायची ती अशी, की ज्यांना शेतावर जाणं शक्य नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर मी टाळत आलो. त्या आजी दुसऱ्या वर्षी शेतावर येऊ शकल्या नाहीत. त्यांच्यासाठी घरी केलं ते असं : जाड बुडाच्या पातेल्यात तळाला केळीचं पान आणि भांबुर्डा, त्यावर अर्धा किलो शेंगा, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला, घट्ट झाकण, त्यावर वजन. पाणी चार चमचे, तेही फक्त तळाच्या पानाखाली. मंद आचेवर पंचवीस मिनिटं, मधे झाकण उघडायचं नाही. कुकरच हवा असेल तर आतल्या डब्यात पाणी न घालता, डब्यावर झाकण ठेवून एक शिट्टी आणि गॅस बंद. आजींनी पोटभर खाल्लं. ती पोपटी होती की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

यंदा त्यांच्याकडे शेतावरूनच शेंगा न्यायच्या आहेत. ज्यांच्या घरी असं कोणी असेल त्यांच्यासाठी एवढंच : गरम शेंगा प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, आत घाम सुटून साल बुळबुळीत होते. सुती फडक्यात थोड्या पाल्यासकट सैल बांधा आणि फडकं परातीत ठेवून न्या. अर्ध्या तासाच्या आत पोचलात तर दाणा अजून गरम असतो.